धीट बाळाचं बक्षीस

मंगळवार पेठेत म्हशीबद्दल खोटं बोललेलं खपत नाही. माणसाबद्दल वाटेल ते बोला, पेठ हसून सोडून देईल. पण म्हैस दूध किती देते आणि दिवाळीच्या पाडव्याला ती मालकाच्या हाकेमागं धावते की पुढं धरलेल्या पेंडीमागं, याबद्दल कुणी थाप मारली तर त्याला वर्षभर चहाच्या टपरीवर तोंड दाखवणं अवघड होतं.

आण्णांची चिमणी हाकेमागं धावायची. नाव चिमणी, पण अंगानं अशी की ती बोळातून निघाली तर समोरून येणाऱ्यानं मुकाट पायरीवर चढावं. पाडव्याला तिची शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची आणि आण्णा जुन्या मोटारसायकलवर बसून पुढं निघायचे. मागं हलगी, फटाके, गाड्यांचा कडकडाट, दोन्ही बाजूंना माणसांची भिंत. त्या सगळ्या गदारोळातून चिमणी कान टवकारून एकच आवाज हुडकायची आणि त्याच्यामागं उधळत यायची. सत्तरी ओलांडलेल्या आण्णांना दुसऱ्या कशाचा गर्व नव्हता. तुच्छता मात्र पुष्कळ गोष्टींची होती. पिशवीतल्या दुधाची होती, इस्त्री केलेल्या टॉवेलची होती, आणि सगळ्यांत जास्त होती ती आपल्याच मुलाच्या बंगल्याची.

मुलगा सम्राट. फरशा आणि न्हाणीघरातल्या सामानाचं मोठं दुकान, रिंग रोडच्या पलीकडं बंगला. त्या बंगल्यात बसायच्या खुर्च्या वेगळ्या आणि बघायच्या खुर्च्या वेगळ्या होत्या. फोडणीचा वास बाहेर जावा म्हणून यंत्र होतं आणि विकतचा वास आत पसरावा म्हणून उदबत्तीचं दुसरं यंत्र होतं. आण्णा वर्षातून दोन-तीनदा तिथं जायचे आणि प्रत्येक वेळी पेठेत परत येऊन आठवडाभर पुरतील एवढे किस्से सांगायचे.

यंदा दसऱ्याला ते सोनं द्यायला गेले तेव्हा नातू राजवीर दीड वर्षाचा झाला होता. गुटगुटीत, पायांवर पक्का उभा. दिवाणखान्यात एक नवीन बाई त्याला घेऊन बसली होती.

सून संयोगिता मूळची पेठ वडगावची. शिकलेली, दुकानाचा सगळा हिशेब तीच बघायची. तिनं बाईच्या हातातून पोर उचललं आणि सरळ आण्णांच्या मांडीवर ठेवलं. "बघा आण्णा, कुणाकडंही जातो. परवा पार्सल घेऊन एक पोरगा आला, त्याच्याही कडेवर जाऊन बसला. रडणं नाही, भेकणं नाही. पाहुणे आले की सगळे म्हणतात, असं शहाणं बाळ बघितलं नाही."

राजवीर आण्णांच्या मांडीवर बसला. पिशवी ठेवावी तसा बसला. त्यानं आण्णांच्या सदऱ्याचं बटण बघितलं, मिशी बघितली, हातातली आपट्याची पानं घेतली. फक्त तोंडाकडं बघितलं नाही. मग बाईनं त्याला उचलून नेलं, तर जाताना मागं वळूनही बघितलं नाही.

"मावी," तो जाता जाता म्हणाला.

"काय म्हणतोय?" आण्णांनी विचारलं.

"मावशी म्हणतोय," संयोगिता म्हणाली. "सांभाळायला येतात ना बाया, त्यांना मावशी म्हणायला शिकवलंय. आता सगळ्यांनाच म्हणतो. ड्रायव्हरला पण."

"आन तुला?"

ती हसली. "मलाही मावशीच म्हणतो. आहे की नाही गंमत?"

आण्णांना गंमत वाटली नाही, पण का वाटली नाही हेही त्यांना सांगता आलं नसतं. ते त्या बाईकडं वळले. "तुमचं नाव काय, पावणं?"

"बयाबाई."

"कवापास्नं हाय हितं?"

"गणपतीच्या आधीपास्नं. दिवाळी झाली की जायाचं."

"का? काम जमंना व्हय?"

"काम जमतंय की. हितं बदलीच हुती सगळ्यांची. मी पाचवी."

तेवढ्यात सम्राट आतून आला. आण्णांच्या पाया पडला. पाया पडताना त्याचा एक हात कानावरच्या फोनला होता. फोन संपल्यावर त्यानं बापाला नीट समजावून सांगितलं. पुण्यातले कुणी सर होते. ते पडद्यावरून पालकांचे वर्ग घ्यायचे. कोट घालायचे. त्यांचं म्हणणं असं, की पोराला एकाच बाईचा लळा लागला की ते चिकट होतं, भित्रं होतं, घर सोडत नाही. म्हणून दर दोन महिन्यांनी बाई बदलायची. रडलं तर लगेच उचलायचं नाही. आईबापांनीही जरा अंतर ठेवूनच वागायचं. मग पोर स्वतंत्र होतं.

"आन समजा एकच बाई ठिवली, तर काय हुतंय?" आण्णांनी विचारलं.

"उद्या ती काम सोडून गेली तर पोराला त्रास हुणार की, आण्णा."

"म्हणून तुमीच आधी सोडवताय व्हय? घर जळंल म्हणून आधीच पेटवून टाकायचं." आण्णा उठले. "तलाठ्याची बदली तीन वर्सांनी हुती लेका. तुमी सरकारच्या बी म्होरं गेलासा."

घरी आल्यावर आण्णांनी हा सगळा किस्सा गोठ्यात बसून बायकोला, तानाबाईंना, रंगवून सांगितला. पाच बाया, कोटातले सर, पार्सलवाला पोरगा. तानाबाई हसतील म्हणून ते थांबले. त्या हसल्या नाहीत.

"रडत न्हाय?" त्यांनी विचारलं.

"न्हाय."

"आय खोलीतनं गेली तरी?"

"आगं कुणीबी जाऊ दे, कुणीबी येऊ दे. पोरगं देवळातल्या मूर्तीगत."

तानाबाई पुन्हा भुसा कालवायला लागल्या.

पाडव्याच्या कार्यक्रमात यंदा भर पडली ती सम्राटच्या डोक्यातून. पेठेच्या तालमीसमोर म्हशींचं कौतुक झालं की त्याच मांडवात बाळांची शर्यत घ्यायची, बक्षीस दुकानातर्फे. तालमीचा कार्यकर्ता विश्वजित माईक मिळतोय म्हटल्यावर कशालाही तयार व्हायचा. त्यानं नियमही म्हशींवरूनच घेतले. लांबलचक सतरंजी टाकायची. एका टोकाला बाळं, दुसऱ्या टोकाला आया. हातात खेळणं नको, बिस्कीट नको, नुसती हाक मारायची. जे बाळ आधी आईकडं पोचेल ते पहिलं. म्हशीचा खरेपणा जसा तपासतात तसाच बाळाचा तपासायचा, आणि यात काही विचित्र आहे असं आख्ख्या पेठेत एकाही शहाण्याला वाटलं नाही. उलट नावं द्यायला झुंबड उडाली.

सम्राटची खात्री होती की राजवीरच पहिला येणार. तो चालायला पक्का होता, आणि कशाला भीत नव्हता. संयोगिताची खात्री होती की नाही, कुणास ठाऊक. ती मोरपंखी साडी नेसून आली होती आणि सकाळपासून तिनं त्याच्याकडून तीन-चारदा 'आई' म्हणवून घ्यायचा प्रयत्न केला होता. तो दरवेळी आनंदानं 'मावी' म्हणाला होता.

आधी म्हशी झाल्या. चिमणी अशी आली की गर्दी दुभंगली. आण्णांनी गाडी थांबवल्यावर तिनं त्यांच्या पाठीला नाक लावलं आणि तशीच उभी राहिली. आण्णांनी फेटा नीट केला आणि मांडवात पहिल्या रांगेत येऊन बसले.

मग सतरंजी पसरली. सात-आठ बाळं एका टोकाला बसवली, आणि हलगीवाल्याला कुणी थांबायलाच सांगितलं नाही. हलगी कडाडली तशी बाळं हंबरडा फोडून रडायला लागली. एकाला बापानं घातलेली इवलीशी पगडी डोळ्यांवर आली आणि तो जागच्या जागी गोल फिरायला लागला. एक मुलगी रडत रडत, नाक पुसत, पडत-झडत आईच्या दिशेनं रांगत निघाली. एक पोर बसल्या जागीच आईकडं दोन्ही हात करून ओरडत राहिलं. त्याची आई कोपऱ्यावरच्या फुलवाल्याची बायको. तिला ते बघवेना. ती नियमबियम झुगारून सतरंजीवरून धावत गेली आणि पोराला उचलून पदरात घेतलं. पोर तिच्या खांद्यात तोंड खुपसून गप्प झालं.

"बाद, बाद," विश्वजित माईकवरून ओरडला. "वहिनी, शर्यत पोराची हाय, तुमची न्हाय." माणसं खो खो हसली. ती बाई मांडवातून चालती झाली. बाद झाल्याचं तिला काही वाटलंच नव्हतं.

राजवीर रडला नव्हता. तो उभा राहिला, आणि डुलत डुलत चालायला लागला. समोरच्या टोकाला संयोगिता गुडघे टेकून, हात पसरून बसली होती. "राजवीर, ये. इकडं बघ. ये बाळा." तो अर्ध्यावर आला आणि थांबला. त्यानं आईकडं बघितलं, जसं बाकीच्या बायकांकडं बघितलं तसंच. मग हलगीकडं बघितलं. मग मांडवाच्या कडेला उकिडवा बसून फोटो काढणारा एक अनोळखी माणूस होता त्याच्याकडं गेला आणि हात वर केले. त्या माणसानं हसून उचलून घेतलं. राजवीर त्याच्या कडेवर बसून कॅमेऱ्याचा पट्टा चघळायला लागला.

"मावी," तो त्याला म्हणाला.

संयोगिताचे हात अजून पसरलेलेच होते.

आणि टाळ्या पडल्या. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. मालकाला सोडून दुसऱ्याकडं गेलेली म्हैस असती तर याच माणसांनी मालकाला घरापर्यंत हुर्यो करत पोचवलं असतं. लेकराच्या बाबतीत त्यांना तेवढीही अक्कल नव्हती. "काय धीट पोरगं," एक म्हणाला. "आमदार हुणार बघा, आत्तापास्नं फोटोवाल्याकडं," दुसरा म्हणाला. विश्वजितनं तिथल्या तिथं एक खास बक्षीस जाहीर केलं, 'धीट बाळ', आणि शर्यतीच्या कपापेक्षा मोठा कप सम्राटच्या हातात दिला. सम्राटनं तो डोक्यावर धरून फोटो काढून घेतला.

आण्णांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांना एकदम कळलं होतं, दसऱ्याला गंमत का वाटली नव्हती ते.

धारेच्या वेळी सगळे गोठ्यामागच्या घरात जमले. कप कपाटावर ठेवलेला होता. सम्राट फोनवर कुणाला तरी बक्षिसाचं सांगत अंगणात फिरत होता. बयाबाई राजवीरला भात भरवत होती. संयोगिता उठली आणि मोरपंखी साडी सावरत थेट गोठ्यात आली. आजवर ती तिथं नाकाला पदर लावूनच यायची. आज लावला नाही.

आण्णा चिमणीची धार काढत होते. तानाबाई कडेला बसून होत्या.

"आण्णा," ती म्हणाली, "चिमणी तुमच्याच हाकेला कशी येते?"

आण्णांना हीच संधी हवी होती. "कशी येत्या? ह्या गोठ्यात झाली तवापास्नं हेच हात, हाच आवाज. आजारी पडली तवा मी, व्याली तवा मी. तिला पाच मालक केलं असतं, तर ती बी कुणाच्याबी दावणीला गुमान हुबी ऱ्हायली असती. मग तिला तुमी धीट म्हणला असतासा. आमी गवळी लोकं तसल्या जनावराला बाजारात बी उभं करत न्हाय. तुमी शिकल्याली माणसं. कोट बगून पोराचं आयुष्य त्याच्या हवाली केलंसा. त्या कोटाला तरी पोरं हायत काय, इचारलंसा कदी?"

संयोगिता गोठ्याच्या खांबाला टेकून उभी राहिली.

"झालं बोलून?" तानाबाई म्हणाल्या. त्या सुनेला नव्हे, नवऱ्याला विचारत होत्या.

"का? खोटं बोललो?"

"खरं बोललासा. म्हशीचं सगळं खरं बोललासा. आता आपल्या ल्योकाचं बोला. तो कुणाच्या हाकेला येतो?"

आण्णांचे हात थांबले. चिमणीनं मान वळवून बघितलं.

"सम्राट सहा महिन्यांचा हुता," तानाबाई सुनेकडं वळून म्हणाल्या. "चार म्हसरं नवी घेतल्याली, मी उजाडायच्या आत दुधाचं कॅन घिऊन भायर. माजी आई म्हणाली, मी नेते त्याला गगनबावड्याला. तिनंच वाढवला. तिला तो आऊ म्हणायचा. तीन वर्साचा झाल्यावर ह्यांनी जाऊन आणला. दारात उभा ऱ्हायचा, चौकटीला धरून. एसटी ज्या वाटंनं गेली तिकडं तोंड करून आऊ आऊ म्हणून रडायचा. ह्यांचा बाप कट्ट्यावर बसलेला. वडिलांच्या समोर आपलं पोरगं उचलायचं न्हाय, ही आपल्यात रीत. म्हणून हे त्याच्या अंगावरनं गोठ्यात जायाचं. रेडकांना कुरवाळायला हात रिकामं, पोराला उचलायला रीत आडवी. मी सून, मला तर तोंडच नव्हतं. मग एक दिवस पोरगं गप्प झालं. सासरं म्हणालं, रुळला. आन हे पेठंत सांगत फिरलं, पोरगं रुळलं म्हणून. तवा बी सगळ्यांनी टाळ्याच वाजिवल्या असतील."

"आगं, तवाचा काळ..." आण्णा म्हणाले.

"काळाला काय शिंगं असत्यात? माजी आई गेली तवा तो धा वर्साचा हुता. डोळ्यात टिपूस न्हाय. म्हणालासा, घट्ट काळजाचा हाय. हर्नियाच्या आपरेशनाला तुमी दवाखान्यात पडलासा, त्यानं स्पेशल खोली घेतली आन दारातनंच, काय लागलं तर सांगा, म्हणून गेला. त्या दिवशी तुमी भिंतीकडं तोंड करून झोपलासा. मी बगितलं न्हाय व्हय?"

आण्णांनी भांडं उचललं. त्यात धार अर्धीच होती, आणि चिमणीनं उरलेलं दूध त्या दिवशी वर चढवून ठेवलं, दिलंच नाही.

मूल जन्मतं तेव्हा कुणाचंच नसतं. ते रडतं, आणि एक चेहरा येतो. पुन्हा रडतं, पुन्हा तोच चेहरा, तोच वास, तोच आवाज. असं शेकडो वेळा झालं की त्याच्या मनात एक खुंटी पक्की बसते. मग त्या खुंटीला दोर बांधून ते जग बघायला निघतं, आणि भ्यालं की परत येतं. चेहरा बदलत राहिला किंवा आलाच नाही, तर ते पहिल्यांदा रडतं, मग जास्त रडतं, आणि शेवटी रडायचं सोडून देतं. त्या सोडून देण्याला अडाणी माणसं रुळणं म्हणतात, शिकलेली माणसं स्वातंत्र्य म्हणतात, आणि दोघंही पाहुण्यांना बोलावून दाखवतात. यात एवढंच बरं आहे, की दीड वर्षाच्या मनात खुंटी अजून ठोकता येते. पस्तिशीच्या माणसात ती ठोकायला भिंत भलतीच कडक झालेली असते.

संयोगितानं एक काम केलं. दिवाळीनंतर बयाबाईची बदली केली नाही. सरांचा वर्ग बंद केला. दुपारी घरी यायला लागली आणि दुकानाचा हिशेब राजवीरजवळ जमिनीवर बसून करायला लागली. सम्राटला हे पटलं नाही, पण तो भांडला नाही. तो कधीच भांडत नसे. "तुला जे बरं वाटंल ते," असं म्हणून तो फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेला.

आणि सकाळची धार झाली की आण्णा दुधाची किटली घेऊन बंगल्यावर यायला लागले. बघायच्या खुर्चीवर खुशाल बसायचे. पेठेत लोक विचारायचे, "आण्णा, बंगला आवडाय लागला काय?" आण्णा म्हणायचे, "तिथं एक रेडकू हाय, त्याला हाकंची सवय लावालोय."

सवय लवकर लागत नव्हती. राजवीर आधी होता तसाच. आई आली तरी ठोकळे लावत बसायचा, गेली तरी लावत बसायचा. खेळताना पडला तर उठायचा, गुडघा बघायचा, पुढं जायचा. संयोगिता धावत जाऊन त्याला उचलायची तर तो तिच्या हातात अंग ताठ करायचा. एकदा ती आण्णांसमोरच रडली. "मी त्याची कुणीच नाही, आण्णा."

"अजून न्हाईस," आण्णा म्हणाले. गोड बोलणं त्यांना येत नव्हतं. "दीड वरीस तू त्याला बाजार दाखिवलास. आता एवढ्यात हिशेब मागू नको. उद्या पडला की परत उचल."

ती उचलत राहिली. थंडी पडली, संक्रांत झाली, तिळगुळाचे डबे रिकामे झाले. एकदा पडल्यावर राजवीर लगेच उठला नाही. तसाच पालथा राहून त्यानं मान वळवली आणि खोलीत कोण आहे ते बघितलं. संयोगिता आली तेव्हा त्यानं अंग ताठ केलं नाही. आण्णांनी हे बघितलं आणि दूध तापवायला सांगितलं.

मग तो दिवस आला. सकाळची वेळ. दुकानात कसली तरी तपासणी होती, म्हणून संयोगिता घाईत निघाली. रोजच्यासारखं तिनं राजवीरला सांगितलं, "आई दुपारी येणार," आणि दार ओढून घेतलं.

राजवीरनं हातातला ठोकळा खाली ठेवला. दाराकडं गेला. दारावर तळहात आपटला. आणि मग त्याच्या छातीतून असा आवाज निघाला की स्वयंपाकघरातली बयाबाई ओले हात घेऊन धावत आली.

"आयी," तो ओरडला. "आयी, आयी." दारावर थापा मारत, पाय आपटत, नाकातोंडातून पाणी गाळत.

बयाबाईनं उचलायला हात पुढं केले, त्यानं झिडकारले. आण्णा खुर्चीतून उठले. गुडघे कुरकुरले. त्यांनी त्याला उचलून छातीशी धरलं. राजवीरनं पाठ कमानीसारखी वाकवली आणि आजोबाच्या तोंडावर फाडकन चापट मारली. फेटा नव्हता म्हणून बरं, टोपी पडली. ज्या पोरानं आजवर कुणाला नाही म्हटलं नव्हतं, ते आता आण्णांना नको म्हणत होतं. साऱ्या आयुष्यात आण्णांना आवडलेला हा पहिलाच अपमान.

आतल्या खोलीतून सम्राट बाहेर आला. हातात गाडीची किल्ली. त्यानं दाराकडं बघितलं, मुलाकडं बघितलं, आणि घड्याळाकडं बघितलं.

"काय झालं त्याला?"

"आई गेली त्याची," आण्णा म्हणाले.

"मग? दुपारी येणार हाय की. खाली ठेवा त्याला आण्णा. थोडा येळ रडंल आन गप्प बसंल. आपोआप बसतंय." हे तो पावसापाण्याबद्दल बोलावं तसं बोलला. मग किंचित त्रासून म्हणाला, "एवढं चांगलं तयार झालं हुतं. आता परत पहिल्यापास्नं शिकवाय लागणार."

आण्णांनी मुलाकडं बघितलं. इस्त्रीचा सदरा, चकचकीत बूट, आणि एक हात दाराच्या चौकटीला. त्यानं तो हात तिथं कधी ठेवला हे त्याचं त्यालाही कळलं नसावं. तोंडावर काही नव्हतं. रस्त्याकडच्या काचेतून तो बाहेर, संयोगिताची गाडी निघाली होती त्या दिशेला बघत होता.

आण्णांच्या जिभेवर एक चांगली जहरी शिवी आली होती. ती त्यांनी गिळली, कारण ती कुणाला द्यायची हे नक्की होईना.

"नको," ते म्हणाले. "तुला शिकवलं तेवढं बास झालं. दार उघड."

सम्राट हलला नाही.

"दार उघड सम्राट. माझं हात गुतल्यात."

त्यानं दार उघडलं. आण्णा धडपडणाऱ्या, चावणाऱ्या, आयी आयी करून रस्ता डोक्यावर घेणाऱ्या नातवाला घट्ट धरून अनवाणीच पायऱ्या उतरले. गाडी फाटकातून बाहेर पडून वळत होती. आण्णांनी हाक मारली, पाडव्याला हलगीवरून, फटाक्यांवरून जी जायची तीच. शेजारच्या बंगल्यांच्या खिडक्या उघडल्या.

गाडी थांबली. संयोगिता दार उघडं टाकूनच धावत आली. राजवीर तिच्या अंगावर असा झेपावला की आण्णांचा तोल गेला. त्यानं तिच्या खांद्यात तोंड खुपसलं, मोठा हुंदका दिला आणि गप्प झाला.

"तपासणी..." ती म्हणाली.

"तपासणीला सांग, पोरगं रडत हुतं."

आण्णा मागं वळले. सम्राट अजून दारात उभा होता. आण्णांनी पायऱ्या चढायला सुरुवात केली. कट्ट्यावर आता कुणी वडीलधारं बसलेलं नव्हतं. ते मुलाच्या समोर जाऊन उभे राहिले, हात वर उचलला, आणि तो पस्तीस वर्षांच्या माणसाच्या अंगावर कुठं ठेवायचा असतो हे न कळून तसाच धरून राहिले.

"काय लागतंय का आण्णा?" सम्राटनं विचारलं.